हॅरी कसा मोठा होत गेला हे बघायचंय? मग असं बघा

हॅरी पॉटरचे आठही पिक्चर (२००१ ते २०११) परत बघणार असाल तर यावेळी जादू, मारामारी सोडा, फक्त हॅरीचा चेहरा बघा. सगळे सलग बघायची गरज नाही.

आधी पहिल्यातला आरशाचा सीन. त्यात मेलेले आईबाबा दिसतात म्हणून पोरगं रात्री तिथं जाऊन बसतं, हलतच नाही. तो डोक्यात ठेवून थेट शेवटच्या भागातलं जंगल लावा, तिथंही आईबाबा समोर येतात, पण आता तो त्यांना बघत बसत नाही, सोबत रहा एवढंच म्हणतो, त्यांना समोर आणणारा जादूचा खडा हातातून सोडून देतो आणि मरायला चालू लागतो. हे दोन लागोपाठ बघाच, काटा येतो अंगावर!

मधे तिसरा (२००४) मस्ट. तळ्याकाठी बाबा येऊन वाचवतील म्हणून वाट बघतो आणि मग ट्यूब पेटते की वाचवणारा आपणच होतो.

पाचव्यात नुसती चिडचिड वाटते ना? त्याआधी चौथ्याचा शेवट बघून घ्या, मारल्या गेलेल्या सेड्रिकला, शाळेतल्या सोबत्याला, धरून कसा रडतो ते, मग हेडमास्तर डंबलडोरवर का ओरडतो ते कळतं. दुसरा वगळला तरी चालेल, माझ्यामते.