अंगणात शेड फिक्स करायची की गुंडाळायची?
सांगलीत अंगणावर शेड करणार असाल तर आधी अंगण कुठल्या दिशेला आहे ते बघा. पश्चिमेला असेल तर नुसता वर फिक्स पत्रा टाकून भागत नाही, कारण मे महिन्यात दुपारी ऊन डोक्यावर असतं तेवढं अडतं पण चारनंतर ते तिरकं होऊन पत्र्याखालून सरळ भिंतीवर येतं, तिथं खाली सोडता येणारा पडदा किंवा बांबूची चिकच पाहिजे. दक्षिणेला असेल तर गुंडाळायचं ऑनिंग, म्हणजे भिंतीवरून पुढं ओढायचं कापडी छत घ्या, थंडीत दक्षिणेकडून येणारं ऊन हवंच असतं की. पण वळवाचं वारं सुटलं की ते लगेच गुंडाळायला घरात कुणीतरी पाहिजे हं, नाहीतर कापड फाटतं, ते धरणारे दांडे (आर्म) वाकतात. दिवसभर घराला कुलूप असेल तर फिक्सच करा, खांब काँक्रीटमध्ये रोवून आणि पाण्यासाठी पत्र्याला उतार देऊन.