तुटलेला ब्रिज आणि गोंदाआधीचं काम

वाद्यदुरुस्ती शिकताना मला एकट्याने करायला मिळालेलं पहिलं काम म्हणजे एक जुनी, स्टीलच्या तारांची गिटार. ब्रिज, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवरचा तारा अडकवायचा लाकडी ठोकळा, पिनांच्या (तारा धरून ठेवणाऱ्या खुंट्यांच्या) भोकांच्या रांगेतून चिरलेला, मागची कड फळीपासून सुटलेली. त्या फटीत पोस्टकार्ड सहज जायचं.

नवशिके विचारतात तेच मी मला काम शिकवणाऱ्या काकांना विचारलं, "काका, गोंद कुठला लावू?"

"आधी हा तुटला का ते सांग."

लाइट गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, सहा तारा सुरात आणल्या की मिळून 70 किलोच्या आसपास ओढ बसते. आरसा आणि टॉर्च आत घालून पाहिलं, तर ब्रिजखालची आतली पट्टी तारांच्या टोकांना असलेल्या गोळ्यांनी खाल्ली होती. पिना पुढे कलून ब्रिजला फाडत होत्या. ती पट्टी तशीच ठेवली असती तर नवा ब्रिजही चिरलाच असता. (नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्यामुळे सुटलेले ब्रिजही दुरुस्तीला येतात. नायलॉनची ओढ साधारण निम्मी असते. तिथे ब्रिज बसवून पुन्हा स्टीलच्या तारा लावू नका.)

ब्रिज काढताना घाई करू नका, हे मी कळकळीने सांगतोय. सरस असो की सुतारकामाचा पांढरा गोंद, उष्णतेने मऊ पडतो. भोवतीच्या पॉलिशवर पुठ्ठा आणि फॉइल ठेवून ब्रिज तापवायचा आणि पातळ बोथट सुरी कडेने हळूहळू सारायची. सुरी अडतेय हे कळूनही मी रेटली, आणि फळीच्या लाकडाचा, स्प्रूसचा, बोटभर पापुद्रा ब्रिजबरोबर उचकटून आला. लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूने आत उतरतात ते पाहायला हवं होतं. सुरी खोल जायला लागली की थांबायचं आणि समोरच्या बाजूने यायचं. तो पापुद्रा जपून परत जागेवर चिकटवण्यात माझी अख्खी दुपार गेली.

नवा ब्रिज मी शिसवीतून घडवला. जागेसाठी जुन्या खुणेवर विसंबू नका, मोजा. या गिटारवर नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) 324 मिमी भरले, म्हणजे तारेची हिशेबाची लांबी दुप्पट, 648. पण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) त्याहून मागे लागतं: बारीक तारेला दोनेक मिमी, सगळ्यात जाड तारेला चार-पाच. सॅडल तिरकं दिसतं ते यासाठी.

फळीला किंचित फुगवटा असतो. तिच्यावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवायचा आणि त्यावर ब्रिजचा तळ घासायचा, उजेडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत. मग पॉलिश खरवडलेल्या कोऱ्या लाकडावर गोंद, साउंडहोलमधून क्लॅम्प, आणि 24 तास हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर पाच तारांवर जुळले. जाड तार किंचित चढी होती. काकांनी न बोलता बारीक कानस पुढे केली, आणि मी सॅडलची धार तेवढ्या जागी केसभर मागे नेली.