फायबरच्या गाडीचा माग: बेळगाव सीमाभागातील उरलेल्या डॉल्फिन कशा शोधाव्यात

इंग्लंडमधील टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने १९७५ मध्ये किटन ही छोटी मोटार काढली आणि १९८२ पासून बंगळूरची सिपानी कंपनी तीच गाडी डॉल्फिन या नावाने बनवू लागली. लोखंडी चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, फायबरची बॉडी, ८४८ सी.सी.चे चार सिलिंडरचे ॲल्युमिनियमचे इंजिन आणि दोन दारे अशी तिची घडण होती. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या मोटार शर्यतींत तिने नाव कमावले, पण डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळले. आज डॉल्फिन रस्त्यावर दिसत नाही. तरी ती उरलीच नाही, असे समजू नये.

शोध कोठे घ्यावा, हे तिच्या बॉडीवरूनच ठरते. पत्र्याची गाडी मोडीत निघाली की सगळी वजनावर विकली जाते. फायबरला मात्र भंगारवाला पैसा देत नाही. चेसिस लोखंडाच्या भावाने जाते, इंजिन ॲल्युमिनियम म्हणून भट्टीत जाते आणि वरचे टरफल मालकाच्या परड्यातच पडून राहते. त्यामुळे भंगारबाजारात गाडी धुंडाळत बसण्यापेक्षा, अशी गाडी कोणाच्या घरून उचलली होती, एवढेच तेथे विचारावे आणि त्या घरी जावे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर येथील साठी ओलांडलेल्या मिस्त्रींना ‘डॉल्फिन’ हे नाव आठवेलच असे नाही. ‘फायबरची गाडी’ म्हटले की त्यांना मालकाची गल्लीसुद्धा आठवते. बैलहोंगलकडे जाताना सोबत कन्नड चांगले बोलणारा माणूस असावा.

खानापूर तालुक्यातील एका गोठ्यामागे मला असेच एक टरफल मिळाले. छपरावर पिंजराची गंजी रचलेली होती, आत कोंबडी उबवणीला बसली होती आणि दाराच्या काचा शाबूत होत्या. खाली हात घातला तर चेसिसचा तुकडा बिस्किटासारखा बोटांत चुरगळला. त्या भागातल्या पावसात फायबर टिकते, लोखंड टिकत नाही, हे तेथे नीट कळले.

ओळख पटवण्यासाठी खिशात लोहचुंबक ठेवावे. दारावर ते चिकटले तर ती आपली गाडी नव्हे. चार दारे असतील तर ती त्याच कंपनीची नंतरची मोंटाना असू शकते, आणि तीन चाके असतील तर आधीची बादल. दोन्ही दुर्मीळ असल्याने त्यांचीही नोंद घ्यावीच.

कागदपत्रांचे काम चिकाटीचे आहे. १९८९ पूर्वीच्या गाडीवर जुना तीन अक्षरांचा नंबर असतो. पुढे बेळगावला केए-२२, चिकोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४ आणि गोकाकला केए-४९ हे क्रमांक आले. पलीकडे विकलेली गाडी कोल्हापूरच्या एमएच-०९ खाली सापडू शकते, म्हणून शोध राज्याच्या सीमेपाशी थांबवू नये. आर.सी. बुक मिळाले तर त्यातील इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी ताडून पाहावा, कारण इंजिन बदललेले असण्याचा संभव मोठा असतो. मूळ इंजिन असेल तर रेडिएटरचे झाकण उघडून आत पाहावे. वर्षानुवर्षे नुसते विहिरीचे पाणी घातले असेल तर ॲल्युमिनियम आतून खाल्लेले असते. चेसिस नंबर फोटोत नीट येत नाही, तेव्हा आर.टी.ओ.साठी काढतात तसा कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घ्यावा.

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. सर्वांत जुन्या डॉल्फिनलाही त्यासाठी २०३२ उजाडावे लागेल. मालकाला हे आवर्जून सांगावे. तो विकायला तयार नसेल तर भावाची घासाघीस करू नये, त्याचा पत्ता इतरांना देऊ नये. पावसाळ्याआधी चेसिस चार चिऱ्यांवर उचलून ठेवू द्यावे, एवढीच विनंती करावी आणि त्या कामाला स्वतः हात लावावा.