मूल अंधाराला घाबरतं? मग या चुका टाळा

दोन-तीन वर्षांचं मूल गोष्टी रचायला लागतं आणि साधारण त्याच सुमारास त्याला अंधाराची भीती वाटू लागते. दिवसा खुंटीला अडकवलेला बाबांचा शर्ट रात्री माणूस होऊन उभा राहतो. बहुतेक मुलांची ही भीती प्राथमिक शाळेच्या वयात हळूहळू ओसरते. ती लांबत चालली असेल, तर आधी घरातल्या मोठ्यांचं वागणं तपासून बघा.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे धाक. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल", "पोलीस धरून नेतील", "डॉक्टर सुई टोचतील." घास लगेच पोटात जातो, म्हणून ही सवय सुटत नाही. पण ज्या बागुलबुवाला आपण जेवताना बोलावलं, तो रात्री "कुणी नाहीये रे" म्हटल्याने जात नाही. शिवाय गर्दीत हरवलेलं मूल पोलिसांपासूनच लपेल, हा धोका वेगळाच. आजी-आजोबांनाही हे सांगा, मात्र मुलासमोर नको.

दुसरी चूक चिडवण्याची. "मुलगा असून घाबरतोस?" किंवा "भित्री भागूबाई" ऐकलेलं मूल घाबरायचं थांबत नाही, फक्त सांगायचं थांबतं. त्यापेक्षा म्हणा, "भीती वाटतेय ना, कळलं मला. चल, दारापर्यंत बरोबर जाऊ."

रोज रात्री पलंगाखाली वाकून "बघ, काही नाही" दाखवणंही उलटतं. रोज शोधावं लागतं म्हणजे शोधण्यासारखं काहीतरी असणारच, असा मूल त्याचा अर्थ लावतं. 'भूत पळवणारा' फवारा मारला तर भूत आहे हे आपणच कबूल करतो. एकदाच, दिवसाउजेडी, मुलाच्याच हातात टॉर्च देऊन सगळे कोपरे बघू द्या आणि तिथेच थांबा.

आता मुख्य मुद्दा. भीती कमी होते ती झेपेल एवढ्या अंधारात, जीव शांत होईपर्यंत थांबल्यावर. म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडणं घातक आणि घरभर दिवे लावून मुलामागे सगळीकडे जाणंही चूकच. कोंडल्यावर भीती टोकाला जाते. उलट, कायम सोबत मिळाली तर आपण एकटे निभावू शकतो हे मुलाला कधी कळतच नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाची भीती अशीच घालवली होती. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. घाई केली तर उलट खाऊचीच भीती बसेल, हेही त्यांनी बजावून ठेवलं आहे.

घरी हे असं करा. मुलाला बोटांवर भीती मोजायला शिकवा: शून्य म्हणजे मजेत, दहा म्हणजे रडू येतंय. दोन-तीन बोटांच्या पायरीपासून सुरुवात करा. वेळ संध्याकाळची, खेळाची. झोपेला आलेल्या, दमलेल्या मुलाबरोबर हा सराव करू नका.

१. मंद उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्यांचे प्राणी, मग टॉर्च घेऊन लपाछपी.
२. अंधाऱ्या खोलीत दोघं मिळून एक मिनिट, हात धरून.
३. मूल आत, तुम्ही दारात, गप्पा चालू.
४. तुम्ही बाहेर, दिसत नाही, पण आवाज येतोय.
५. तुम्ही स्वयंपाकघरात, मूल आतून एखादी वस्तू घेऊन येतं.

प्रत्येक पायरीवर बोटं निम्म्यावर येईपर्यंत थांबा. तीन-चार संध्याकाळी ती सहज जमली की पुढे. एका वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाली. नेहमी बिघडतं ते इथे: भीती आठ बोटांवर असताना मूल पळतं, आपण दिवा लावतो, आणि "पळालो म्हणून वाचलो" हे पक्कं होतं. तेव्हा सराव सोडू नका, पायरी अर्धी करा. दार उघडा, जवळ या, बोटं उतरली की मगच बाहेर पडा.

झोपताना झिरोचा बल्ब चालेल, पण पिवळसर आणि जमिनीलगत, शक्यतो बाहेरच्या पॅसेजमध्ये. उजेड कपड्यांवर किंवा पंख्यावर पडला की नव्या सावल्या तयार होतात. खुंटीवरचे कपडे झोपण्याआधी कपाटात टाका. मूल झोपल्यावर गुपचूप सटकू नका. मध्यरात्री जाग आल्यावर कुशीतलं माणूस गायब दिसलं की ते पुढच्या रात्री जास्तच बिलगतं. "पाच मिनिटांनी बघायला येते" म्हणा आणि त्याने हाक मारायच्या आत खरोखर या. मग दहा मिनिटांनी.

ताप, नवं भावंड किंवा घर बदलल्यानंतर जमलेलं मोडतं. दोन पायऱ्या मागे या, पुन्हा पहिल्यापासून नको.

एक गल्लत फार होते. झोप लागल्यावर साधारण पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळतं, डोळे उघडे, पण तुम्हाला ओळखत नाही; सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे दुःस्वप्न नव्हे. त्याला हलवून जागं करू नका, लागणार नाही एवढं बघा आणि शांत होऊ द्या. सकाळी "काय दिसलं रे?" विचारून नसलेली भीती डोक्यात घालू नका. दुःस्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, स्वप्न सांगतं, त्याला कुशीत घ्या.

तीव्र भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, किंवा शाळा, जेवण, झोप बिघडली, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि भीती अंधाराची नसून एखाद्या ठरावीक माणसाची किंवा जागेची असेल, किंवा अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय अचानक पुन्हा सुरू झाली असेल, तर वरचा कुठलाही सराव करू नका. त्या माणसाजवळ किंवा त्या जागी मुलाला एकटं सोडू नका, त्याचं म्हणणं मधे न तोडता ऐकून घ्या आणि छळाची शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.