पोटाचं डायलिसिस घरी करताना पोटॅशियम कसं सांभाळावं

पाच वर्षं झाली, बाबांचं पोटाचं डायलिसिस घरीच चाललंय. किडनी काम करत नाही म्हणून पोटात नळीतून बॅगेतलं पाणी भरायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काही तासांनी ते काढून टाकायचं. दिवसाला चार बॅगा, म्हणजे सात हजारांच्या वर एक्स्चेंज (जुनं पाणी काढून नवं भरणं) आमच्या हातून झाले. पेरिटोनायटिस, म्हणजे पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन, एकदाच झालं. तेव्हा हात धुण्यात कसूर नव्हती. कसूर होती ती जेवणात, आणि माझ्या शहाणपणात.

बॅगेचं आधी उरकते. पंखा बंद, खिडक्या बंद, मांजर बाहेर, दोघांनाही मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं काय असतं ते आमच्या गोव्यातल्या फोंड्यात राहणाऱ्याला सांगायला नको, तरी बंदच. बॅग कोरड्या उष्णतेने कोमट करा, गरम पाण्यात बुडवू नका. जोडणीचं टोक कशालाही लागलं तर क्लॅम्प, म्हणजे नळीचा चिमटा, बंद ठेवा आणि डायलिसिस सेंटरला फोन करा. बाकी नर्सने शिकवलंय तसंच, त्यात स्वतःची अक्कल घालायची नाही.

पोटॅशियम: इथे थांबून वाचा

किडनीचं दुखणं म्हटलं की सगळा वाडा डॉक्टर होतो. केळं नको, शहाळं नको, टोमॅटो नको, भाजी उकळून पाणी फेका. हा सल्ला खोटा नाही, पण तो बहुतेक करून मशीनवर आठवड्यातून दोन-तीनदा रक्ताचं डायलिसिस करणाऱ्यांसाठी आहे. मधल्या दिवसांत त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठतं आणि फार साठलं तर हृदय बंद पडू शकतं. पोटाच्या डायलिसिसचं गणित बऱ्याचदा उलट असतं. नेहमीच्या बॅगेतल्या पाण्यात पोटॅशियम नसतंच. दोन लिटर पाणी चार-सहा तास पोटात राहतं, तेवढ्यात रक्तातलं पोटॅशियम त्यात उतरतं आणि ड्रेनबरोबर, म्हणजे बाहेर काढलेल्या पाण्याबरोबर, निघून जातं. रोज, चारही वेळा. वर त्या पाण्यातली साखर अंगात जाते, इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींत शिरतं. अशा माणसाला नुसत्या पेजेवर आणि निथळलेल्या भाजीवर ठेवलं तर आकडा खाली येणार नाही तर काय होणार?

आम्ही नेमकं हेच केलं. घरामागे कुळागर, म्हणजे बागायत, केळीचे घड लगडलेले, आणि बाबांना वर्षभर एक केळं दिलं नाही. तांबडी भाजी दोनदा उकळायची, पाणी माडाच्या मुळात. मी स्वतःला फार काटेकोर समजत होते. बाबा म्हणायचे पायांत जीव नाही, पोट फुगतंय, दोन-दोन दिवस साफ होत नाही. आम्ही म्हणायचो, वयाचं आहे.

मधे रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम 4.2 आलं (साधारण 3.5 ते 5 नॉर्मल धरतात) आणि आम्ही खूश. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत नमुना ‘हिमोलाइज्ड’ असल्याचं लिहिलं होतं, ते कोण वाचतो? रक्तपेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं आणि आकडा खोटा वर दिसतो. दंडाला पट्टी करकचून बांधून रुग्णाला मूठ उघडझाप करायला लावली, किंवा वेगळं न करता रक्त तसंच फ्रिजमध्ये पडून राहिलं, तरी तेच. गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात बाबांच्या पोटातून निघालेलं पाणी गढूळ आलं, तेच ते इन्फेक्शन, हॉस्पिटलात पुन्हा रक्त घेतलं, पोटॅशियम 2.9. तेव्हापासून रक्त घेणाऱ्याला मी आधीच सांगते, पट्टी सैल बांधा, मूठ आवळायला लावू नका, नमुना लगेच लॅबमध्ये न्या. तो नाक मुरडतो. मुरडू दे.

पोटॅशियमचा आणि इन्फेक्शनचा संबंध काय, हा प्रश्न मलाही पडला होता. आतड्याचे स्नायू हलायला पोटॅशियम लागतं. ते कमी पडलं की आतडं सुस्तावतं, आत जंतू वाढतात आणि आतड्याच्या भिंतीतून पोटातल्या पाण्यात उतरतात, असं डॉक्टर मानतात. कमी पोटॅशियम ही कमी खाण्याचीही खूण असते, आणि कमी खाणारा माणूस इन्फेक्शनला तसाही लवकर सापडतो. म्हणजे सगळा दोष एकट्या पोटॅशियमचा नाही. पण थायलंडमधल्या सहा केंद्रांत 167 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2022 मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाचं पोटॅशियम औषध देऊन 4 ते 5 मध्ये राखलं, दुसऱ्या गटाला 3.5 च्या खाली गेल्यावरच औषध दिलं. पहिल्या गटात पेरिटोनायटिस साधारण निम्म्यावर आला. एकच चाचणी आहे, मान्य. तरी मला पटायला पुरे.

आता करायचं काय? आधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आमचं पोटॅशियम किती असायला हवं?’ नुसतं ‘नॉर्मल आहे’ यावर उठू नका, आकडा घ्या आणि वहीत मागच्या आकड्याखाली लिहा. 4.3, 3.9, 3.6 असे उतरत आले तर 3.5 ची वाट बघायची नाही. मग आहारतज्ज्ञाकडून बंदी उठवून घ्या. मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. बाबांना आता रोज एक केळं मिळतं, भाजीचं पाणी फेकत नाही. शहाळं मात्र नाही, कारण त्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे.

खाण्याने भागलं नाही तर डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं सिरप देतात. ते जेवणानंतर, भरपूर पातळ करून घ्यायचं. नुसतं घेतलं तर पोटात आग होते, आणि चव अशी की बाबांनी पहिला घोट सिंकमध्ये टाकला.

आणि इथे मी हात जोडून सांगते: हे वाचून स्वतःच्या मनाने सिरप सुरू करू नका. पोटाच्या डायलिसिसवरही काहींचं पोटॅशियम वरच असतं. बीपीच्या काही गोळ्या ते वाढवतात, एक-दोन बॅगा चुकल्या तरी वाढतं. ‘लो सोडियम’ मीठ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियमच असतं, तेही न विचारता आणू नका. औषध सुरू झालं की डॉक्टर सांगतील त्या दिवशी रक्त पुन्हा तपासायचंच, पाऊस असो की चवथ.

पोट साफ ठेवा

बद्धकोष्ठ असेल तर लाज न बाळगता सेंटरला सांगा, लॅक्टुलोजसारखं औषध देतात. इसबगोल आपल्या मनाने नको, त्याला पाणी फार लागतं.

ड्रेनची बॅग रोज बघा

भरलेली बॅग छापील कागदावर ठेवा. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ठीक. धूसर दिसली, किंवा पोट दुखतंय, ताप आहे, तर त्याच दिवशी निघायचं. रात्र असली तरी. ती बॅग ओतून टाकू नका, क्लॅम्प लावून, वेळ लिहून, स्वच्छ पिशवीत बरोबर घ्या. त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात आणि कोणता जंतू आहे ते बघायला कल्चरला लावतात, अँटिबायोटिक पुढे बहुधा बॅगेतूनच पोटात सोडतात. आम्ही त्या वेळी बॅग संडासात ओतून रिकाम्या हातांनी बांबोळीचं हॉस्पिटल गाठलं होतं, मग पुढचं पाणी पोटात भरून काढेपर्यंत दोन तास बाकावर बसलो.