शरीर भाड्याने देणे आहे: टीनएज डिस्टोपिया लिहायचाय? मग आधी अ‍ॅग्रीमेंट टाइप करा

डिस्टोपिया म्हणजे बिघडलेल्या, भयाण भविष्याची गोष्ट. श्रीमंत म्हातारे, कंगाल पोरं, डोक्यात चिप. म्हातारी तिकडे खुर्चीत झोपते आणि इकडे सोळा वर्षांच्या पोरीच्या अंगात जागी होते. आयडिया भारीच आहे, पण बहुतेक जण पहिल्याच पानावर उडत्या गाड्या आणि निऑन लाइट आणून बसतात आणि चिप कशी चालते हे सांगण्यात दहा पानं घालवतात, तोवर वाचणारं पोर रील बघायला निघून गेलेलं असतं. या गोष्टीचा सगळा जीव भाडेकरारात असतो. म्हणून चॅप्टर एक सुरू करायच्या आधी तो करार अख्खा टाइप करून काढा, कलमांसकट. कादंबरीत त्यातल्या चार ओळीसुद्धा येणार नाहीत कदाचित, पण प्लॉट सगळा तिथूनच निघतो.

फॉरमॅट शोधायला लांब जायला नको, आपला लिव्ह अँड लायसन्स आहेच. लीजमध्ये भाडेकरूला त्या जागेत काहीतरी हक्क मिळतो आणि लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी, ताबा मालकाचाच. म्हंजे तुमची कंपनी हुशार असेल तर शरीर लीजवर देणारच नाही, लायसन्सवर देईल. आता खरी गंमत ऐका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, रजिस्टर केलेला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. घराच्या बाबतीत हे भाडेकरूला वाचवायला आहे. पण हेच कलम जसंच्या तसं शरीराला लावून बघा. पोरगी जागी होते, मनगट प्लास्टरमध्ये, आणि म्हातारी शांतपणे म्हणते की ट्रेकिंग चालेल असं ठरलं होतं ना आपलं. करार रजिस्टर नाही. झालं, अर्धी कादंबरी इथंच मिळाली तुम्हाला.

बाकी कलमं पण अशीच ताणून बघायची. डिपॉझिट कोणाकडे राहणार? लॉक-इन किती? केस कापले तर ते वेअर अँड टेअर की डॅमेज? सबलेटिंगवर बंदी घातलीये का, कारण नसेल घातली तर म्हातारी शनिवार-रविवार मैत्रिणीला देणार म्हणजे देणारच, आणि मग अंगात नेमकं कोण होतं हे पोरीला शोधत बसावं लागणार. आणि एक कलम लोक हमखास विसरतात, ते म्हणजे वयाचं. तीस दिवस भाड्याने दिले तर शरीर तीस दिवसांनी मोठं होतं, पोरगी होत नाही. दोन वर्षं असं चाललं की आरशातली ती आणि आतली ती यांचा हिशोब जुळत नाही.

पण सही कोण करणार? हिरोईन सोळाची आहे. आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा, त्यात अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, व्यक्ती करारच करू शकत नाही, आणि १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, सांगून टाकलं की असा करार मुळातच रद्दबातल, लॉ कॉलेजच्या पोरांना हे झोपेतही पाठ असतं. तर तुमच्या जगात यातून वाट कशी काढली ते ठरवा. वय खाली आणलं, की अनाथाश्रमाचा अधीक्षक सही करतो, की घरातला माणूस करतो? मला विचाराल तर घरातला माणूसच घ्या. राक्षसी सरकार लिहायला सोपं असतं हो. काका स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पोरीकडे न बघता "फक्त दोनच आठवडे गं" म्हणतो ते लिहायला अवघड आणि वाचायला जास्त भयानक.

आता हे जग असं झालं कशामुळे, त्याला एकच कारण द्या पण ते घट्ट असू द्या. याच कल्पनेवरची लिसा प्राइसची 'स्टार्टर्स' २०१२ मध्ये आली, लॉस एंजेलिसमध्ये घडणारी. तिच्यात युद्धात जैविक हल्ला होतो आणि लस आधी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दिलेली असते, त्यामुळे मधली आईबापांची पिढीच मरते. एका कारणात बेघर पोरं पण मिळाली आणि पैसेवाले म्हातारे पण. तेच कारण उचलू नका अर्थातच, पण एका कारणातून दोन्ही बाजू उभ्या करायची ही युक्ती शिकण्यासारखी आहे.

आपल्याकडे कारणांचा दुष्काळ नाहीये. पैसे घेऊन रक्त देणारे लोक इथे होते, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. व्यावसायिक सरोगसी जानेवारी २०२२ पासून बंद. अमेरिकेत मात्र प्लाझ्मा देऊन पैसे घेणं आजही कायदेशीर आहे, सात दिवसांत दोनदा देता येतो. इराणमध्ये किडनीचे पैसे कायद्याने मिळतात. म्हणजे शरीराचं काय विकता येतं ही रेघ देश बदलला, साल बदललं की सरकते. तुमच्या कादंबरीत ती कुठून कुठे सरकली तेवढं सांगा, पुरे.

आणि आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात, १९९४ च्या, लेखकासाठी एक खजिना पडलाय. जवळचा नातेवाईक नसलेला माणूस जिवंतपणी किडनी द्यायची म्हणाला तर ती आपुलकीपोटी देतोय, पैशासाठी नाही, हे समितीपुढे पटवून द्यावं लागतं. हे आपल्या गोष्टीत आणा. एजंट पोरीला घेऊन बसलाय आणि घोकून घेतोय: आजी तुझी कोण लागते, तिला चहात साखर किती लागते, गेल्या दिवाळीला तिने तुला काय दिलं. पोरगी पाठ करते, समितीसमोर न अडखळता म्हणते, सगळे खूश. मला तर वाटतं पहिला सीनच हा करा. जग, कायदा, गरज, खोटेपणा, सगळं एका टेबलावर येतं आणि कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पैसा कसा फिरतो ते सांगायला ऊसतोडीकडे बघा. बीडकडची माणसं सीझनला बाहेर पडतात, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एखादा दिवस कामाला आलं नाही की खाडा आणि त्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये तिथल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांच्या बातम्या आल्या तेव्हा सगळे हादरले होते, पाळीचे दिवस पण खाड्यात जायला नकोत म्हणून अशी ऑपरेशनं होतात असं बायका स्वतः सांगत होत्या. तुमच्या भविष्यातल्या कंपनीला चकचकीत बिल्डिंग द्या हवं तर, पण पोरीपर्यंत पोचणारा माणूस मुकादमच ठेवा आणि पैसे उचल म्हणूनच द्या. उचल फिटत नाही म्हणून पुढचा करार. पण एक करा, ज्यांच्यावरून हे घेताय त्यांच्याशी दोन दिवस बोला, दुःख सजावटीला वापरू नका.

चिपचे नियम तीन-चारच ठेवा, पण पाळा. त्यातला सगळ्यात कामाचा नियम मेंदूविज्ञानातून फुकट मिळतो. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाच्या मेंदूचं अपस्माराच्या त्रासासाठी ऑपरेशन झालं, दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला, आणि त्यानंतर नवीन आठवणी बनणंच बंद झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलेलंच नाही. म्हणजे हाताचं शिकणं वेगळं आणि आठवण वेगळी. मग तुमची म्हातारी महिनाभर रोज पेटी वाजवत असेल तर करार संपल्यावर पोरीच्या बोटांना भूप राग वाजवता येत असणार, तिला भूप म्हणजे काय हे माहीत नसताना. हा पुरावा कंपनीला पुसता येत नाही! उलट्या बाजूनेही चालतं बरं का, पोरीची सवयीची सुरी म्हातारीच्या हातात आपोआप भराभर चालणार.

गेलेल्या वेळेचा छडा लावणं हे या प्रकाराचं इंजिन आहे, तिथे मोबाइलचं लोकेशन वगैरे पटकन वापरून टाकू नका, कंपनी ते पहिलं डिलीट करेल. अंगावरच्या खुणा वापरा. मेंदी किती उतरलीये त्यावरून लग्न किती दिवसांपूर्वी झालं असेल, चपलेच्या पट्ट्याचा उन्हाचा ठसा, कानात तिसरं भोक. हिरोईन सोळाची आहे, त्यामुळे लैंगिक काही सीनमध्ये आणायचं नाही, करारात बंदीचं कलम टाका आणि विषय संपवा.

भाडेकरूला व्हिलन करू नका, प्लीज. पैसेवाला दुष्ट म्हातारा आता सगळ्यांना पाठ झालाय. ययातीची गोष्ट आपल्याकडे कधीची आहे, शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला राजा पोरांकडे तारुण्य मागतो, बाकीचे नाही म्हणतात आणि धाकटा पुरू हो म्हणतो. ती टिकलीये कारण ययातीची हाव आपल्याला कळते. तशी कळणारी हाव द्या. समजा ब्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, आयुष्यात एकदा वारी चालायचीये. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, तेही चालली दुसरीच्या पायांनी. पोरगी जागी होते तर टाचांना फोड, गळ्यात तुळशीची माळ, आणि आजी फोनवर रडत थँक्यू म्हणतीये. वारी कोणाची झाली? पोरीला राग पण धड करता येत नाही, आणि तेच पाहिजे आपल्याला.

म्हातारीचं मूळ शरीर तोवर कोण सांभाळतंय हा प्रश्न बहुतेक लेखक सोडूनच देतात. आपल्या परकायाप्रवेशाच्या कथेत शंकराचार्य राजाच्या देहात जातात तेव्हा शिष्य गुहेत त्यांच्या देहाला राखण बसतात. इथे राखणीला कोण, तर मुलगा आणि सून, आणि फ्लॅट अजून म्हातारीच्याच नावावर. ती परत आलीच नाही तर पोरीचं शरीर कोणाचं? सबप्लॉट घ्या.

आवाज प्रथमपुरुषी ठेवा, "मी". पुस्तकी नको. "मला अत्यंत रिकामे वाटले" असं सोळा वर्षांचं कोणी बोलत नाही. "पायात कोणाचे तरी बूट होते, माझ्या मापाचे, पण असे बूट मी घेतलेच नसते" एवढ्यात काम होतं. लव्ह ट्रँगल नसला तरी चालतं, असला तर त्यातल्या एकाला आवडलेली मुलगी नेमकी कोण, पोरगी की म्हातारी, हा घोळ घाला. शेवटी कंपनीची अख्खी बिल्डिंग पाडू नका. एक करार मोडणं, एका पोरीने सही न करणं एवढंच पुरतं, मुकादम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वस्तीवर जाईलच.

ड्राफ्ट झाला की कादंबरी द्यायच्या आधी तो टाइप केलेला करार चार-पाच पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना द्या आणि विचारा, सही कराल का, किती पैशात. सगळे नाही म्हणाले तर हिरोईनची गरज कमी पडतीये, घरातलं आजारपण वाढवा नाहीतर उचल वाढवा. सगळे लगेच हो म्हणाले तर एखादं कलम अजून टोचत नाहीये, ते शोधा. आणि कोणी "आधी रेट सांगा, मग कलमं वाचतो" म्हणालं तर त्याच्याशी निवांत अर्धा तास बोला, तुम्हाला हिरोईनचा धाकटा भाऊ मिळाला.