स्ट्राँग बिअरसाठी यीस्ट किती घालावे?

घरी बिअर बनवणारे बहुतेक जण माल्टचे वजन, मॅशचे तापमान आणि हॉप्सची वेळ काटेकोरपणे सांभाळतात, आणि यीस्टचे मात्र एक पाकीट फोडून मोकळे होतात. 1.045 मूळ घनतेच्या (किण्वनापूर्वीची घनता; पाणी 1.000) साध्या एल बिअरमध्ये हे खपून जाते. 1.090 च्या बार्ली वाइन किंवा इम्पीरियल स्टाउट यांसारख्या स्ट्राँग बिअरमध्ये खपत नाही. दाट वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड, न आंबलेल्या द्रवात, यीस्टच्या पेशींवर पहिल्या तासापासूनच साखरेचा परासरणी ताण असतो; त्यात पेशी संख्येने कमी असल्या, तर काम उरकण्यापूर्वी त्यांना अनेक पिढ्या वाढावे लागते, दर विभाजनात पेशीपटलाला बळकटी देणारे स्टेरॉल हे स्निग्ध द्रव्य निम्मे निम्मे वाटले जाते, आणि अल्कोहोल चढत असतानाच शेवटच्या पिढीची पटले दुबळी पडतात. मग साखर शिल्लक असतानाच यीस्ट तळाशी बसते.

माझी पहिली बार्ली वाइन 1.092 वरून निघाली आणि 1.040 वर अडून बसली. महिनाभर घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही. चवीला ती पाकासारखी गोड होती आणि वर घशात जळजळ ठेवून जाई. ही जळजळ जड अल्कोहोलांची, आणि मुरवत ठेवल्याने ती फारशी जात नाही.

हिशेब अवघड नाही. वर्टच्या दर मिलीलिटरला, दर अंश प्लेटोमागे (प्लेटो म्हणजे वर्टमधील साखरेचे वजनी टक्केवारीतले माप), साध्या एलसाठी 7.5 लाख, स्ट्राँग एलसाठी 10 लाख आणि लागरसाठी 15 लाख जिवंत पेशी धरतात. घनतेच्या दशांशानंतरच्या आकड्याला 4 ने भागले की प्लेटोचा ढोबळ अंदाज मिळतो, 1.090 साठी तो 22.5 येतो, पण इतक्या वरच्या घनतेला हा अंदाज थोडा फुगतो आणि खरा आकडा 21.5 च्या आसपास असतो. म्हणजे 20 लिटर वर्टला 20,000 गुणिले 21.5 गुणिले 10 लाख, अर्थात 430 अब्ज पेशी लागतात. 1.050 च्या तेवढ्याच एलला 190 अब्जांच्या आत भागते. घनता दुप्पटही झालेली नाही, पण यीस्ट दुपटीहून अधिक लागते. गफलत होते ती इथेच.

कोरडे यीस्ट हा सर्वांत सरळ मार्ग. दर ग्रॅमला 10 अब्ज पेशी धरल्या तर 11.5 ग्रॅमच्या पाकिटात 115 अब्ज होतात; म्हणजे चार पाकिटे घ्यावीत. ती दाट वर्टवर थेट भुरभुरू नयेत, कारण पाणी शोषून घेताना पेशीपटलाला आत काय येऊ द्यावे हे आवरता येत नाही आणि साखरेच्या माऱ्यात बऱ्याच पेशी मरतात. यीस्टच्या दहापट वजनाचे, उकळून पाकिटावर सांगितलेल्या तापमानाला आणलेले पाणी घ्यावे, त्यावर यीस्ट पसरून पंधरा मिनिटे हात न लावता ठेवावे, मग हलकेच ढवळावे. मिश्रण सायीसारखे एकजीव दिसले की त्यात थोडे थोडे वर्ट मिसळत दोन्हींचे तापमान जवळ आणावे आणि मगच ते फर्मेंटरमध्ये ओतावे.

द्रव यीस्टच्या पाकिटात ताजेपणी साधारण 100 अब्ज पेशी असतात आणि महिन्याला सुमारे पाचवा हिस्सा मरतो असे धरून चालावे. येथे स्टार्टरला, म्हणजे आधी थोड्या वर्टमध्ये यीस्ट वाढवून घेण्याला, पर्याय नाही. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम कोरडा माल्ट अर्क उकळला की 1.037 च्या आसपासचे वर्ट मिळते. चुंबकीय ढवळणीवर ठेवलेल्या स्टार्टरमध्ये दर ग्रॅम अर्कामागे जवळपास 1.4 अब्ज नव्या पेशी वाढतात, त्यामुळे ताज्या पाकिटाला अडीच लिटर स्टार्टर दिला की 450 अब्जांचा पल्ला गाठता येतो. ढवळणी नसेल तर वाढ बरीच कमी होते. मग स्टार्टर मोठा करावा किंवा दोन टप्प्यांत वाढवावा. काम संपल्यावर तो एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून वरचे बेचव पाणी ओतून द्यावे आणि तळाचा गाळच वापरावा.

मला स्वतःला तिसरा मार्ग अधिक आवडतो: आधी त्याच यीस्टवर 1.040 ची हलकी बिअर करायची, आणि ती बाटल्यांत भरली त्याच दिवशी तिच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर स्ट्राँग बिअर चढवायची. घट्ट गाळात मिलीलिटरला साधारण 1 अब्ज पेशी धरतात, म्हणून अर्धा लिटर पुरतो. अख्खा गाळ घालू नये. हॉप्सचा भरपूर कचरा असलेला किंवा आंबूस वास येणारा गाळ सरळ फेकून द्यावा.

पेशी पुरेशा असूनही प्राणवायू कमी पडला तर स्टेरॉल तयार होत नाही. फर्मेंटर हलवून हवेतून 8 पीपीएमपेक्षा (दशलक्षात 8 भाग) जास्त प्राणवायू मिळत नाही, म्हणून 1.080 च्या वर शुद्ध ऑक्सिजन सोडावा आणि बारा ते अठरा तासांनी एकदा पुन्हा द्यावा. त्यानंतर मात्र देऊ नये, बिअर शिळी होते. पहिले दोन-तीन दिवस तापमान 18 अंशांच्या आसपास रोखून धरावे. एवढे यीस्ट उष्णताही तेवढीच निर्माण करते आणि फेस झाकण उडवतो, तेव्हा एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारी पाण्याची छोटी झडप) जाड नळी लावलेली बरी.

इतके करूनही किण्वन अडलेच, तर त्यात आणखी एक कोरडे पाकीट टाकून काही साधत नाही, कारण अल्कोहोलमध्ये पडलेल्या झोपाळू पेशी जाग्याच होत नाहीत. त्यासाठी लिटरभर स्टार्टर करून, तो ऐन फेसात असताना, वरच्या पाण्यासकट ओतावा लागतो.